खालून येणारा उजेड

आज एकच चित्र बघायचंय, तेव्हा ते फोनवर उघडूनच ठेवा. एडगर देगाचं 'रंगमंचावरील बॅलेची तालीम', 1874, पॅरिसचं ओर्से म्युझियम. याच तालमीची त्याची आणखी दोन चित्रं न्यूयॉर्कला आहेत, पण ती रंगीत. आपल्याला करड्या-तपकिरी छटांमधलं हवंय.

मापाने लहानच. 65 सेंटीमीटर उंच, साधारण 81 रुंद. पहिल्यांदा प्रदर्शनात लागलं तेव्हा काहींना हे पेंटिंग नाही, रेखाटनच वाटलं होतं.

आता उजेड कुठून येतोय ते बघा. त्या काळी रंगमंचाच्या पुढच्या कडेला गॅसच्या दिव्यांची रांग असायची, म्हणजे उजेड खालून वर. अंधारात फोनचा टॉर्च हनुवटीखाली धरून आपण भूत करतो ना? तेच इथे घडतं. घोळदार झगे पांढरेशुभ्र उजळतात. हनुवटी, नाकाचं टोक चमकतं आणि डोळे सावलीत जातात. गोड दिसायला हव्यात त्या मुली दमलेल्या दिसतात. अंगावर गुलाबी, निळा रंग असता तर आपली नजर आधी तिकडेच गेली असती.

दमलेल्या त्या होत्याच. ऑपेरातल्या कितीतरी मुली गरीब घरातल्या. लहान विद्यार्थिनींना तिथे 'छोटे उंदीर' म्हणायचे! आणि सीझनचं तिकीट घेणाऱ्या बड्या पुरुषांना थेट पडद्यामागे जायची मुभा.

मांडणी तर भन्नाट आहे. आपण समोरच्या खुर्चीत नाही, बाजूच्या उंच बॉक्समधून खाली वाकून बघतोय. डावीकडे आपल्या पाळीची वाट बघणाऱ्यांची गर्दी, कोणी पाठ खाजवतेय, कोणी आळस देतेय. मध्ये मात्र मोकळी जमीन, कोणीच नाही. फोटो काढताना आपण अशी जागा सरळ कापून टाकू. देगाने ती ठेवली, म्हणून तर पलीकडे नाचणाऱ्या मुली आणि ताटकळणाऱ्या मुली यांच्यातलं अंतर जाणवतं. न्यूयॉर्कची चित्रं जास्त देखणी असतील, पण मला विचाराल तर हेच खरं वाटतं.

जाता जाता पायांजवळ झूम करा. रंगाचा थर पातळ आहे, त्यामुळे काही ठिकाणी आधी काढलेले आणि नंतर हलवलेले पाय अजून पुसट दिसतात.