रुग्णाची सही : कर्करोगाच्या उपचार-चाचण्यांविषयी सभासदांशी हितगुज

आपल्या वाडवडिलांनी हुंडीचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. हुंडी पेढीवर आली म्हणजे मुनीम ती दोनदा वाची, मिती पाही, लिहिणाऱ्याची सही पारखी आणि मगच शेटजी ती सकारीत. आज हुंडीची जागा धनादेशाने आणि संगणकाने घेतली आहे. परंतु वाचल्यावाचून सही करावयाची नाही, ही शिस्त इंदूरच्या कापड मार्केटपासून सराफ्यापर्यंत अद्याप टिकून आहे. अशा शिस्तीत वाढलेली आपली माणसे एका ठिकाणी मात्र न वाचता सही करून मोकळी होतात. ते ठिकाण म्हणजे रुग्णालय.

यंदाच्या स्मरणिकेसाठी हा विषय निवडताना आम्हांस थोडा संकोच वाटला. उत्सवाच्या अंकात रोगाची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु कर्करोगाने ज्यास स्पर्श केला नाही असे घर आपल्या सभासदांत आज क्वचितच सापडेल. माळव्यात तंबाखू, सुपारी आणि गुटखा यांमुळे मुखाचा कर्करोग फार. मध्यप्रदेश शासनाने 1 एप्रिल 2012 पासून गुटख्यावर बंदी घातली. तरी जुन्या सवयींची फळे पुढे अनेक वर्षे भोगावी लागतात. अशा रुग्णाची फाईल घेऊन मंडळी अवंतिका एक्सप्रेसने मुंबईस जातात आणि तेथे, किंवा इंदूरमध्येही, एखादे दिवशी डॉक्टर विचारतात, "एक चाचणी चालू आहे. आपण तीत भाग घ्याल काय?" त्या प्रश्नास उत्तर कसे द्यावे, याचा विचार आधीच केलेला बरा.

चाचणी म्हणजे काय?

ज्यास इंग्रजी शब्दाने 'क्लिनिकल ट्रायल' म्हणतात, ती उपचाराची पारख होय. नवे औषध प्रथम प्रयोगशाळेत व प्राण्यांवर तपासले जाते. नंतर माणसांवरील पारख टप्प्याटप्प्याने होते. पहिल्या टप्प्यात औषध कितपत सोसते व मात्रा किती असावी हे पाहतात. कर्करोगात या टप्प्यातही बहुधा रुग्णच भाग घेतात. दुसऱ्या टप्प्यात औषधाने गुण येतो की नाही हे पाहतात. तिसऱ्या टप्प्यात प्रचलित उपचार व नवा उपचार यांची तुलना करतात. तेथे कोणत्या रुग्णास कोणता उपचार मिळावा हे डॉक्टर आपल्या इच्छेने ठरवीत नाहीत. चिठ्ठी टाकावी तसे ते दैवावर सोपविलेले असते. ओळखीने वा शिफारशीने तेथे काही साधत नाही, आणि साधले तर ती चाचणीच खोटी ठरते.

यावरून एक गोष्ट ध्यानी घ्यावी. नेहमीच्या उपचारात डॉक्टरांपुढे एकच हेतू असतो : समोरचा रुग्ण बरा व्हावा. चाचणीत त्याच्या जोडीला दुसरा हेतू येतो : पुढील रुग्णांसाठी ज्ञान मिळावे. हे दोन हेतू पुष्कळदा एका वाटेने चालतात, सर्वदा नव्हे. जो सहभागी होतो त्याला हे ठाऊक असले पाहिजे.

इंदूरची आठवण

आपल्या शहरात 'ट्रायल' हा शब्द उच्चारताच अनेकांच्या कपाळावर आठ्या पडतात, आणि त्यास कारण आहे. 2010 च्या सुमारास इंदूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालयांतील औषध-चाचण्यांचा प्रश्न चव्हाट्यावर आला. या चाचण्या नाना रोगांवरील होत्या. सहभागी झालेल्यांत बालके होती, मनोरुग्ण होते. आपणांवर चाचणी चालली आहे हे रुग्णांस पुरते समजले होते काय, हा प्रश्न विधानसभेपर्यंत गेला. चौकशी झाली आणि 2012 च्या आरंभी राज्य शासनाने 12 डॉक्टरांस प्रत्येकी 5,000 रुपये दंड केला. त्याच वर्षी इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. 3 जानेवारी 2013 रोजी न्यायालयाने नव्या औषधांच्या चाचण्यांवर केंद्रीय आरोग्य सचिवांनी देखरेख ठेवावी असा आदेश दिला, आणि पुढे त्याच वर्षी संमतीचे ध्वनिचित्रमुद्रण करण्याविषयीही आदेश झाला.

म्हणजे ज्या शहरात हा व्रण झाला, त्याच शहरातून साऱ्या देशाच्या नियमांना कलाटणी मिळाली. ही गोष्ट इंदूरकरांनी विसरू नये. भीती बाळगावयाची तर अर्धी हकीकत ऐकून बाळगू नये.

आज कायदा काय देतो?

19 मार्च 2019 रोजी केंद्र सरकारने नव्या औषधांसाठी व त्यांच्या चाचण्यांसाठी स्वतंत्र नियम जारी केले. त्यांतील मुख्य गोष्टी व्यापारी माणसास सहज कळतील अशा आहेत.

चाचणीची सर्व माहिती रुग्णास समजेल अशा भाषेत लेखी द्यावी लागते. ज्यांना मराठी सोयीची वाटते त्यांनी मराठी कागद मागण्यास संकोच करू नये. औषधाने गुण न येण्याचाही संभव आहे, हे त्या कागदात स्पष्ट लिहिलेले असावे लागते. माहितीपत्रकाची व सही केलेल्या संमतिपत्राची एक प्रत रुग्णास मिळते. चाचणीमुळे इजा झाल्यास औषधोपचार मोफत मिळतात, आणि ती इजा चाचणीमुळेच झाली असे ठरल्यास भरपाई द्यावी लागते. मृत्यू ओढवल्यास ती वारसास मिळते. म्हणूनच संमतिपत्रात रुग्णाचा व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नामनिर्देशित व्यक्तीचे नाव विचारलेले असते. हा रकाना पाहून पुष्कळ जण दचकतात. विम्याच्या कागदावर आपण असेच नाव लिहितो, तसाच हा प्रकार आहे.

पूर्णतः नव्या औषधी द्रव्याची चाचणी असेल आणि सहभागी व्यक्ती दुर्बल स्थितीतील असेल, तर संमतीचे ध्वनिचित्रमुद्रण आवश्यक आहे. प्रत्येक चाचणीवर नैतिकता समितीची देखरेख असते. तिच्यात किमान सात सभासद लागतात. त्यांपैकी निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात. कायदेतज्ज्ञ असतो, स्त्री सभासद असते आणि वैद्यकाशी संबंध नसलेला एक सामान्य नागरिकही असतो. आपल्या संघातील एखाद्या जाणत्या सभासदास असे आमंत्रण आले तर त्याने ते आनंदाने स्वीकारावे. शस्त्रक्रियेच्या किंवा जुन्या औषधांच्या चाचण्यांसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2017 मध्ये घालून दिलेली नैतिक तत्त्वे आहेत.

याखेरीज 2007 पासून देशात चाचण्यांची एक सार्वजनिक नोंदवही आहे, आणि 15 जून 2009 पासून औषध-चाचणीची तीत नोंद करणे सक्तीचे झाले. नोंदणी क्रमांक विचारून घरातील कोणीही तरुण ती नोंद संगणकावर पाहू शकतो. जिची नोंद नाही त्या चाचणीपासून दूर राहावे, एवढे आम्ही निःसंकोच सांगू.

चाचण्यांनी काय साधले?

मुंबईच्या परळ भागातील टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 मध्ये सुरू झाले. तेथील तीन चाचण्या आम्ही उदाहरणादाखल घेतो.

मुखाचा कर्करोग लहान असताना, मानेत गाठ हाताला लागत नसताना, मानेतील ग्रंथी त्याच वेळी काढाव्या की गाठ दिसेपर्यंत थांबावे, यावर शल्यचिकित्सकांत अनेक दशके वाद होता. दोन्ही बाजूंस नामांकित डॉक्टर होते, पुरावा कोणाकडेच पुरेसा नव्हता. 2004 पासून 2014 पर्यंत टाटा रुग्णालयात 596 रुग्णांनी या प्रश्नाच्या चाचणीत भाग घेतला. निम्म्यांच्या ग्रंथी लगेच काढल्या, निम्म्यांवर लक्ष ठेवले. पहिल्या 500 जणांचा ताळेबंद पाहताच देखरेख करणाऱ्या समितीला फरक इतका स्पष्ट दिसला की नवे रुग्ण घेणे थांबविण्यात आले. तीन वर्षांनी लगेच शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी शेकडा 80 हयात होते. थांबलेल्यांपैकी शेकडा साडेसदुसष्ट. हा निकाल 2015 मध्ये जगापुढे आला. आज मुखाच्या कर्करोगाचा रुग्ण जगात कोठेही असो, त्याच्या मानेविषयीचा निर्णय घेताना डॉक्टर या 596 जणांनी दिलेला पुरावा डोळ्यांपुढे ठेवतात.

दुसरी चाचणी आपल्यासारख्या हिशेबी माणसांना विशेष रुचेल. निवोलुमॅब नावाचे औषध शरीराच्या प्रतिकारशक्तीस जागे करते, परंतु त्याची किंमत सामान्य घराला पेलत नाही. प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांनी 240 मिलिग्रॅम. टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी डोके व मान यांच्या बळावलेल्या कर्करोगात स्वस्त गोळ्यांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी केवळ 20 मिलिग्रॅम देऊन पाहिले. 151 रुग्णांच्या या चाचणीत वर्षअखेर हयात असलेल्यांचे प्रमाण शेकडा 16 वरून शेकडा 43 वर गेले. निकाल 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. आपला माल कमी खपावा अशी चाचणी कोणती कंपनी हौसेने करील? ती सार्वजनिक रुग्णालयाने केली आणि रुग्णांनी साथ दिली, म्हणूनच ती झाली.

तिसरी चाचणी 'नाही' असे उत्तर देणारी होती. स्तनाचा कर्करोग शरीरात इतरत्र पसरल्यावर मूळ गाठ काढल्याने आयुष्य वाढते काय, हे 350 स्त्रियांच्या सहभागाने तपासले. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की वाढत नाही. यातील कित्येक भगिनींनी शस्त्रक्रिया सोसली आणि तिचा आयुष्य वाढण्याच्या दृष्टीने उपयोग झाला नाही. परंतु त्यांच्यामुळे पुढील असंख्य स्त्रियांची एक निरर्थक शस्त्रक्रिया वाचू शकते. चाचणीत नफाच होईल अशी खात्री कोणी देत असेल, तर तो चाचणीविषयी बोलतच नाही असे समजावे.

घरातील मौन

आता सर्वांत अवघड गोष्ट. आपल्या घरांत कर्करोगाचे नाव रुग्णापासून लपविण्याची रीत आहे. "बाबांना सांगू नका, ते हाय खातील," असे चिरंजीव डॉक्टरांना दाराबाहेर हळूच सांगतात. त्यामागे माया असते, हे आम्ही जाणतो. परंतु परिणाम काय होतो? ज्याने चाळीस वर्षे पेढी चालविली, ज्याच्या सहीवर लाखांचे सौदे झाले, त्याच्याच शरीराचा सौदा त्याच्या पाठीमागे होतो. चाचणीत तर हे चालतच नाही. शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाची संमती त्याचीच हवी. मुलाची, जावयाची वा थोरल्या बंधूंची नव्हे. स्त्रीची संमती तिचीच, पतीची नव्हे. ज्या घराने रोगाचे नाव लपविले, त्या घराने रुग्णाचा होकार देण्याचा हक्क काढून घेतला आणि नकार देण्याचाही.

म्हणून आमचे सांगणे असे की, डॉक्टरांच्या साहाय्याने, सौम्य शब्दांत, परंतु खरे सांगावे. मग कागद घरी आणावा. त्याच दिवशी सही करण्याचे बंधन नसते. रात्री निवांतपणे तो रुग्णास वाचून दाखवावा आणि दुसरे दिवशी प्रश्न घेऊन जावे : चाचणी नसती तर कोणता उपचार मिळाला असता? तो आता चुकणार आहे काय? मुंबईच्या किती खेपा पडतील, आणि प्रवासखर्च कोण देईल? कोणत्या तपासण्यांचा खर्च आपल्यावर पडेल? अपरात्री त्रास झाला तर फोन कोणाला करावा? चाचणी संपल्यावर औषध चालू राहील काय?

आपल्या आचाराविषयीचे प्रश्नही प्रारंभीच विचारावेत. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते व जिलेटिन प्राणिज असते. चौविहार पाळणाऱ्याने रात्रीच्या गोळीचे काय करावयाचे? पर्युषणातील उपवासाच्या दिवशी औषध कसे घ्यावयाचे? यात लाजण्यासारखे काही नाही. मुकाट्याने गोळी चुकविणे मात्र घातक. त्याने रुग्णाचेही नुकसान आणि चाचणीचेही. आणि एवढे करूनही मन घेत नसेल, तर नाही म्हणावे. सही केल्यानंतरही कोणत्याही दिवशी बाहेर पडता येते, आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारात उणीव येता कामा नये, असा नियमच आहे.

देणे आणि घेणे

आपल्या धर्माने श्रावकास जी अणुव्रते सांगितली, त्यांतील तिसरे अदत्तादानाच्या त्यागाचे आहे : जे दिलेले नाही ते घेऊ नये. आपण त्याचा अर्थ वजनमापापुरता आणि वहीपुरता करतो. परंतु अजाण रुग्णाच्या देहावर त्याला न सांगता केलेली पारख, हेही अदत्तादानच होय. इंदूरमध्ये लोक रागावले ते याच कारणाने.

त्याच धर्माने चार दाने सांगितली : आहार, औषध, ज्ञान आणि अभय. जो रुग्ण सर्व समजून, भय आणि लोभ बाजूस ठेवून चाचणीत उतरतो, तो कधीही न भेटणाऱ्या माणसांसाठी औषधदान व ज्ञानदान एकाच वेळी करतो. मात्र दान ज्याचे त्यानेच, जाणून दिले पाहिजे. म्हणून डॉक्टरांनी कागद पुढे केला, तर लेखणी प्रथम रुग्णाच्या हाती द्यावी. आणि लेखणीच्याही आधी त्याचा चष्मा.