टायमिंग चेन घरी बदलताना

गेल्या जूनमध्ये धाकट्या बहिणीकडे मढला गेलो होतो. १ जून ते ३१ जुलै म्हणजे मासेमारी बंदीचे दिवस. किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवलेल्या. कुणी जाळी दुरुस्त करतो आहे, कुणी होडीचे इंजिन खोलून बसला आहे. बहिणीच्या ओट्यावरही इंजिन उघडायची तयारी चालली होती; पण ते भाच्याच्या मोटारसायकलचे.

याच गाडीवर सुके बोंबील लादून भाचा पहाटे मालाडच्या बाजाराला जातो. मढ मुंबईत मोडते खरे, पण मालाडला जायचे तर मार्व्याकडून लांबचा फेरा, आणि वर्सोव्याला जायचे तर गाडी होडीत चढवायची. गाडी बंद तर बाजार बंद. आपल्या आडगावच्या भाजीवाल्या शेतकऱ्याची गत याहून वेगळी नाही.

इंजिनाच्या डाव्या अंगाने महिनाभर खडखड येत होती. टायमिंग चेन सैल झाली होती. बहीण म्हणाली, "दादा, मजुरी फार सांगतात. घरी जमेल का?"

मी म्हटले, "जमेल. पण घाई केली तर मजुरीच्या चौपट जातील."

हे मी अनुभवाने बोललो. १९९८ साली नव्या नोकरीच्या उत्साहात मी स्वतःची गाडी अशीच उघडली होती. चेन चढवली, खुणा नीट पाहिल्या नाहीत आणि थेट किक मारली. आतून 'टक्' आवाज आला. व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकला होता.

ही चेन करते काय?

जुन्या राजदूत आणि येझदी गाड्यांना ही चेन नव्हती, कारण त्या दोन धावांच्या इंजिनांना व्हॉल्व्हच नव्हते. १९८५ पासून शंभर सीसीच्या चार धावांच्या गाड्या गावोगाव आल्या आणि चेनही आली. क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा फिरला पाहिजे, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात व मिटतात. हा मेळ राखणे हेच चेनचे काम.

चेन सैल होते म्हणजे लोखंड ताणले जाते असे नाही. तिच्या पिना आणि बुशी झिजतात. भाच्याला वाटे, खाऱ्या वाऱ्याने चेन गेली. पण ती इंजिनात तेलात असते, वारा तिथे पोचत नाही. तेल काढून पाहिले तर डांबरासारखे काळे. वेळेवर न बदललेले तेल हेच खरे कारण.

काम कसे केले

आधी पूर्ण संच आणला: चेन, दोन्ही दातेरी चक्रे, रबरी रोलर आणि पॅकिंग. झिजलेल्या चक्रावर नवी चेन चढवली तर तीही लवकर जाते. मॅग्नेट काढायला पुलर गावातूनच मागून आणला. हातोडी मारून मॅग्नेट काढू नये. क्रँक आणि मॅग्नेट दोन्ही बिघडतात.

बहिणीने धुतलेले सूप पुढे ठेवले. निघेल तो बोल्ट क्रमाने सुपात मांडायचा. भाची आठवीत आहे. तिने वहीत चित्र काढून आकडे घातले. या वहीने पुढे फार काम केले.

तेल काढले, प्लग काढला. मग मॅग्नेटवरची 'टी' ही खूण इंजिनाच्या खुणेसमोर आणली आणि कॅमच्या चक्रावरची गोल खूण हेडवरच्या खाचेसमोर आली का ते पाहिले. 'टी' जुळूनही गोल खूण उलट बाजूला असेल तर क्रँक आणखी एक फेरा फिरवावा. दोन्ही खुणा जुळल्यावरच जुनी चेन सोडावी. तेलाच्या जाळीत रोलरचे रबराचे कण सापडले, ते धुऊन काढले.

नवी चेन चढली. भाचा बोल्ट आवळू लागला तोच भाची म्हणाली, "मामा, गोल खूण थोडी पुढे आहे."

"एका दाताने काय होतंय?" भाचा म्हणाला.

मी त्याला हिशेब घातला. कॅमच्या चक्राला २८ दात धरले, तर एक दात म्हणजे जवळजवळ १३ अंश. क्रँकवर तेच २६ अंश होतात. एका दाताने गाडी जड सुरू होते, ओढत नाही, तापते. जास्त दात चुकले तर माझ्या गाडीसारखी गत. भाच्याने मुकाट्याने चेन उतरवून पुन्हा बसवली.

किक मारण्यापूर्वी

शेवटचा पाव तास सर्वांत महत्त्वाचा. प्लग न लावता क्रँक पान्याने, मागचे चाक पुढे चालताना फिरते त्याच दिशेने, दोन पूर्ण फेरे हळू फिरवावा. कुठे अडला तर जोर करू नये. खुणा चुकल्या आहेत असे समजावे. दोन फेऱ्यांनंतर दोन्ही खुणा परत जुळल्या पाहिजेत. मग थंड इंजिनावर फिलर गेजने टॅपेट लावावे, नवे तेल भरावे आणि किक मारावी. तेल ५०० किलोमीटरनंतर पुन्हा बदलणे चांगले.

संध्याकाळी गाडी सुरू झाली. खडखड गेली होती. बहिणीने सूप झटकून पाहिले. एकही बोल्ट उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे भाचा बोंबील घेऊन मालाडला गेला.

शेतकरी बंधूंनो, विहिरीवरच्या डिझेल इंजिनात बहुधा चेनऐवजी दातेरी चाके असतात. पण खुणा तिथेही असतात आणि नियम तोच. पुलर नसेल, खुणा दिसत नसतील किंवा पाणी द्यायची घाई असेल, तर इंजिन उघडू नका. जाणत्या कारागिराला बोलवा. काम घरीच करायचे ठरवले, तर घरातल्या एकाच्या हाती वही द्या. आणि तेल वेळेवर बदललेत, तर हे काम बरीच वर्षे पुढे जाईल.