वर्गणीवर उभं राहिलेलं देऊळ

निरगुडसर गावात सप्ताह बसला की पंगत कोणाची, वर्गणी किती, वीणा कोणाच्या गळ्यात, हे कोणाला शिकवावं लागत नाही. मुंबईत अपोलो बंदराजवळ असलेलं बोवेन मेमोरियल मेथडिस्ट चर्च समजायला एवढी शिदोरी पुरते.

विल्यम टेलर हा अमेरिकन उपदेशक 1870 साली भारतात आला आणि पुढच्या वर्षी मुंबईत पोचला. त्याचा हट्ट एकच: परदेशातल्या मिशनरी सोसायटीचा पैसा नको, मंडळीनं आपल्या पाळकाला आपणच पोसावं. त्यासाठी त्याच्याकडे यंत्रणाही होती. ठिकठिकाणच्या घरांत आठवड्याला छोट्या बैठका भरायच्या आणि प्रत्येकानं आपल्या मनाचा हिशेब चारचौघांत मांडायचा. इमारत नाही, पण माणसं बांधलेली. 1872 मध्ये मंडळी रीतसर उभी राहिली ती अशी. पुण्यातल्या अशाच सभांमधून विल्यम ओल्डहॅम हा तरुण सर्वेक्षक या पंथात आला. पुढे सिंगापूरला जाऊन त्यानं 1886 मध्ये अँग्लो-चायनीज स्कूल काढलं.

मी मात्र अडकलो, ज्याचं नाव या चर्चला आहे त्या जॉर्ज बोवेनपाशी. 1848 मध्ये मुंबईत आलेल्या या मिशनऱ्यानं वर्षभरातच पगार सोडला. गोऱ्यांची वस्ती टाळून बाजारपेठेत राहिला, मराठी शिकून रस्त्यावर उपदेश करत राहिला, ‘बॉम्बे गार्डियन’ चालवला. टेलर आल्यावर तो मेथडिस्टांत सामील झाला. स्वावलंबनाचं तत्त्व टेलरनं मांडलं खरं, पण बोवेन ते वीसेक वर्षं आधीच जगत होता. 1888 साली तो वारला. चाळीस वर्षांत एकदाही मायदेशी गेला नाही. माणूस विक्षिप्त म्हणा, पण खोटा नव्हे.

आता काळजीचं. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेचे वर्गणीदारच हलले तर? सुरुवातीच्या मंडळीत इंग्रजी बोलणारे अँग्लो-इंडियन आणि युरोपीय बरेच होते. 1947 नंतर त्या समाजातली कितीतरी कुटुंबं परदेशी गेली. दक्षिण मुंबईतलं घर नोकरदाराच्या आवाक्याबाहेर गेलं, तरुण उपनगरांत पांगले, आणि रविवारची उपासना म्हणजे लोकलचा प्रवास झाला. सगळ्या पंथांनी एकत्र येण्याचा मार्गही एकदा समोर होता. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात अनेक पंथ मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, पण अमेरिकन परंपरेतले हे मेथडिस्ट ऐन वेळी बाहेर राहिले. 1981 पासून ते स्वायत्त आहेत. हट्ट टेलरचाच, फक्त आता त्याची गाठ मुंबईच्या जागेच्या भावाशी आहे.

जुन्या मंडळ्यांच्या कारभाऱ्यांना एकच विनंती. बाप्तिस्मा, लग्न, दफन आणि वर्गणीच्या वह्या तुमच्या कपाटात असतील, तर वाळवी लागण्याआधी त्यांच्या प्रती काढून ठेवा.