चाकाच्या हबची टोपी अडकलीय? हब न बिघडवता अशी काढा

आमची मारुती ८०० जुनी आहे. गेल्या पावसाळ्यानंतर तिच्या मागच्या बाजूने 'घुंऽऽ' असा आवाज यायला लागला. स्पीड वाढला की आवाज वाढायचा, गाडी थांबली की बंद. सपाट रस्त्यावर क्लच दाबून पाहिला. इंजिनचा आवाज खाली आला, पण हा आवाज होता तसाच राहिला. म्हणजे इंजिनचा संबंध नाही, चाकाचा आहे.

पप्पा याच गाडीने आठवड्यातून दोनदा चांदवडहून मालेगावला जातात. साधारण ४० किलोमीटर, मध्ये राहूड घाट, आणि मुंबई-आग्रा महामार्ग असल्यामुळे मागेपुढे सतत ट्रक आणि कंटेनर. त्यामुळे 'चालतंय तोवर चालू दे' म्हणायची सोय नव्हती. बेअरिंगपाशी ग्रीस शिल्लक आहे का, हे चाक काढून बघायचं ठरवलं.

व्हिडिओत सगळं सोपं दिसतं. जॅक लावा, चाक काढा, मधली टोपी दोन ठोक्यांत काढा, आत बघा. मी डाव्या चाकाच्या टोपीवर पाऊण तास घालवला. टोपी फाटली, पण निघाली नाही. दुसऱ्या दिवशी उजव्या चाकाची टोपी दहा मिनिटांत निघाली, तीही धड. दोन्ही वेळेला हातोडी तीच होती, बदलली फक्त पद्धत. तीच इथे सांगतो.

ही टोपी असते कशासाठी?

मारुती ८०० चं इंजिन पुढच्या चाकांना फिरवतं. मागची चाकं नुसती मागे फिरत येतात. मागच्या ब्रेक ड्रमच्या मध्यभागी हब असतो, त्यात बेअरिंग बसलेली असतात आणि हे सगळं एका जाड दांड्यावर नटने धरून ठेवलेलं असतं. नट आपोआप सुटू नये म्हणून त्यात स्प्लिट पिन घातलेली असते. या सगळ्यावर बाहेरून जे वाटीसारखं पत्र्याचं झाकण बसतं, ती आपली टोपी. गॅरेजमध्ये कोणी तिला ग्रीस कॅप म्हणतं, कोणी डस्ट कॅप.

तिची कामं दोन: ग्रीस आत ठेवायचं, धूळ-पाणी बाहेर ठेवायचं. टोपी गेली किंवा वाकडी बसली की पावसाचं पाणी आणि गाडी धुतानाचा प्रेशरचा फवारा सरळ बेअरिंगपर्यंत पोचतो. म्हणजे टोपी किरकोळ वाटली तरी चाक नीट फिरणं तिच्यावर अवलंबून आहे.

मग ती अडकते का?

पहिली चूक मी इथेच केली. बाटलीच्या झाकणासारखी फिरवून बघितली. पण हिला आटे नसतात. हबमधल्या गोल खाचेपेक्षा टोपीची कड केसभर मोठी ठेवलेली असते आणि ठोकून ती आत बसवतात. ती फक्त घट्टपणावर धरून राहते.

आता त्यात गंज घाला. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. आधीच घट्ट बसलेल्या कडेभोवती गंज फुगतो आणि पाचरीसारखं काम करतो. अशा टोपीवर एकाच जागी जोर लावला तर ती त्या बाजूने थोडी वर येते, पण समोरच्या बाजूने तिरकी होऊन आणखी रुतते. तिरकं उघडलेलं लाकडी ड्रॉवर जसं अडकतं ना, तसंच. माझं नेमकं हेच झालं. मी छिन्नी एकाच जागी मारत राहिलो आणि शेवटी पत्रा फाटला.

मोबाइल दुरुस्तीवाल्याला फोनचं मागचं कव्हर उघडताना पाहिलं असेल. तो एका कोपऱ्यातून जोर लावून उचकटत नाही. पातळ पट्टी फटीत घालतो, थोडी सरकवतो, अजून थोडी सरकवतो, पूर्ण फेरी मारतो आणि मग कव्हर उचलतो. टोपीलाही हाच नियम लागू पडतो.

हात लावण्याआधी

१. नवी टोपी आधी आणून ठेवा. जुनी निघताना खराब होण्याची शक्यता असतेच. गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगा, आणि जमलं तर जुन्या टोपीचा फोटो बाजूला पट्टी धरून काढा. दिसायला सारख्या टोप्यांमध्येही मापाचा थोडा फरक असतो, आणि तेवढ्यानेही टोपी सैल बसते. स्प्लिट पिनही नवीनच आणा.

२. गाडी सपाट, कडक जमिनीवर उभी करा. पहिला गिअर टाका आणि पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. हँडब्रेक मागच्या चाकांवर काम करतो आणि चाक फिरवून बघायचं तर तो सोडावाच लागतो. अशा वेळी गाडीला धरून ठेवतात ते गिअर आणि ठोकळे.

३. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, मग जॅक लावा. गाडी उचलल्यावर खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर काम नको आणि विटांवर तर अजिबात नको. वीट अचानक फुटते.

४. डोळ्यांवर चष्मा हवाच. छिन्नीवर हातोडी मारताना लोखंडाचा कण उडू शकतो.

टोपी काढायची पद्धत

पायरी १: फट शोधा. तारेच्या ब्रशने टोपीच्या मुळाशी असलेली माती आणि गंज खरवडा. टोपीची कड आणि हब यांच्यामध्ये एक बारीक गोल रेषा दिसली पाहिजे. दिसत नसेल तर मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरका धरून जवळून फोटो काढा आणि तो मोठा करून बघा. डोळ्यांना न दिसलेली रेषा मला फोटोत दिसली. रेषा सापडेपर्यंत छिन्नी उचलू नका.

पायरी २: गंज सोडवणारं तेल लावा, पण कमी. स्प्रेचा थेट फवारा मारू नका. कापसावर घेऊन फक्त रेषेवर फिरवा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. जास्त तेल आत गेलं तर ते ग्रीस पातळ करतं.

पायरी ३: बाजूने टिचक्या मारा. प्लास्टिकच्या किंवा लाकडी हातोड्याने टोपीच्या बाजूवर तीन ठिकाणी, साधारण सारख्या अंतरावर, हलके ठोके द्या. इथे टोपी चेपायची नाहीये, फक्त गंजाची पकड मोडायची आहे. असे दोन-तीन फेरे मारा. बऱ्याच टोप्या इथेच हलायला लागतात.

पायरी ४: पातळ पात्याने फेरी मारा. जुनी पुट्टीची पट्टी किंवा पातळ, रुंद छिन्नी रेषेत टेकवा आणि हातोडीने एकच हलका ठोका द्या. पातं काढा, थोडं पुढे सरका, पुन्हा एक ठोका. पूर्ण फेरी होईपर्यंत त्याच जागी परत येऊ नका. पहिल्या फेरीत काहीच झालं नाही असं वाटेल. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत रेषा रुंद झालेली दिसते. माझी उजवी टोपी चौथ्या फेरीला सुटली.

पायरी ५: फट एक-दोन मिलिमीटर झाली की त्यात चपटा स्क्रू-ड्रायव्हर घाला आणि किल्लीसारखा फिरवा. तरफेसारखा दाबू नका. तरफ लावली की सगळा भार हबच्या कडेवर येतो.

पायरी ६: तरीही नाही निघाली तर मोठ्या पकडीने टोपी बाहेरून धरा आणि डावी-उजवी हलवत ओढा. आता टोपी वाकणार, तर वाकू द्या.

मी डावी टोपी फाडून बसलो होतो तेव्हा ओळखीचे एक मिस्तरी येऊन बघून गेले. एवढंच म्हणाले, "टोपी जाऊ दे रे. हबला ओरखडा नको पाडू." नवी टोपी थोड्या पैशात मिळते. हबच्या खाचेला खोल ओरखडा पडला तर नवी टोपीही नीट बसत नाही, पाणी आत जातच राहतं आणि मग अख्खा ड्रम बदलायची वेळ येते. कुठे जोर लावायचा आणि कुठे थांबायचं, हे त्यांच्या या एका वाक्याने ठरतं.

आणि हो, गॅसचा बर्नर लावायचा मोह टाळा. आत ग्रीस असतं, रबरी सील असतं. ग्रीस वितळून पेट घेऊ शकतं आणि सील जळतं.

आत काय दिसतं ते नीट वाचा

टोपी निघाल्याबरोबर काही पुसायच्या आधी फोटो काढा. उजव्या चाकात ग्रीस मऊ आणि एकसारखं होतं, म्हणजे ठीक. डाव्या चाकात ते तांबूस, चहाच्या गाळासारखं झालेलं होतं, म्हणजे पाणी शिरलंय. कारणही समोर होतं. पूर्वी कधीतरी कोणीतरी ती टोपी मधोमध हातोडी मारून बसवली होती. मध्ये पोचा पडला होता, एका बाजूची कड बाहेर राहिली होती, आणि आम्ही दर रविवारी पाइपने गाडी धूत होतो.

बेअरिंग तपासायला चाक तात्पुरतं परत लावा, हँडब्रेक सोडा, चाक हाताने फिरवा आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा. बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंगमध्ये खरखर जाणवते. मग चाक वरून-खालून धरून हलवा. खडखड लागली तर बेअरिंग किंवा नट बघायलाच हवा.

इथून पुढे मी स्वतः काही केलं नाही. नट किती घट्ट हवा हे गाडीगाडीवर अवलंबून असतं. काही गाड्यांत तो ठरलेल्या जोराने आवळतात. टेपर रोलर बेअरिंग असलेल्या गाड्यांत तसा आवळला तर बेअरिंग तापून खराब होतं, कारण तिथे नट आवळून पुन्हा ठरावीक सैल करायचा असतो. दुसऱ्या गाडीचा व्हिडिओ बघून हा नट कधीच आवळू नका. आमचं डावं बेअरिंग गॅरेजमध्ये बदलून घेतलं.

परत बसवताना

हबची खाच काचपेपरने साफ करून पुसून घ्या. टोपीच्या आत ग्रीसचा पातळ थर पुरे. खच्चून भरलं तर गरम झाल्यावर ते मागच्या सीलमधून ब्रेकवर जाऊ शकतं, आणि ग्रीस लागलेला ब्रेक घाटात काय करेल ते सांगायला नको. टोपीच्या कडेवर बसेल असा पाइपचा तुकडा किंवा मोठा सॉकेट घ्या आणि फिरवत-फिरवत हलके ठोका. मधोमध ठोका नको. बसल्यावर बोटाने कड चाचपा. सगळीकडून सारखी टेकली पाहिजे आणि हाताने हलता कामा नये. सैल वाटली तर ती टोपी वापरू नका.

एक गोष्ट मोबाइलवर जरूर करा. दुरुस्तीच्या आधी आणि नंतर, त्याच रस्त्यावर, त्याच स्पीडला, मागच्या सीटवर बसलेल्या कोणाला तरी आवाज रेकॉर्ड करायला सांगा. आवाज गेला की आपल्याला त्याची सवय झाली, हे कानांना नीट कळत नाही. दोन रेकॉर्डिंग एकामागे एक ऐकली की कळतं. आमच्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये पप्पांचं बोलणं त्या घुंऽऽ मध्ये बुडालंय. दुसऱ्यात ते स्पष्ट ऐकू येतात: "आता पाइपने धुताना चाकाच्या मधोमध पाणी मारू नको."