गणितशिक्षण, दृष्टिहीनांचे

दृष्टी नसलेल्या किंवा अत्यंत क्षीण दृष्टी असलेल्या विद्यार्थ्यांना अंकगणित, बीजगणित व भूमिती स्पर्श आणि श्रवण यांच्या द्वारे शिकविण्याच्या पद्धती व त्यांसाठी लागणारी साधने यांचा विचार या विषयात होतो. दृष्टिहीनाला गणित झेपत नाही, हा समज जुना आहे. त्यातूनच शालेय परीक्षांत त्याला गणितातून सूट देण्याची वा सोपा पर्यायी विषय देण्याची प्रथा अनेक ठिकाणी पडली. ही सूट वरकरणी दयाबुद्धीची असली, तरी तिच्यामुळे विज्ञान व तंत्रविद्या यांची दारे विद्यार्थ्याला लहान वयातच बंद होतात.

इतिहास या समजाला दुजोरा देत नाही. निकोलस साँडर्सन (१६८२–१७३९) हा देवीच्या रोगाने अगदी बालपणी अंध झाला. तरीही १७११ मध्ये त्याला केंब्रिज विद्यापीठातील गणिताचे ल्यूकॅसियन प्राध्यापकपद मिळाले. भोके पाडलेल्या फळीवर टाचण्या रोवून तो आकडेमोड करी आणि त्यांभोवती दोरा ताणून भूमितीय आकृत्या तयार करी. रशियन गणितज्ञ ल्येव्ह पाँत्र्यागिन (१९०८–८८) याची दृष्टी चौदाव्या वर्षी एका स्फोटात गेली. गणिताचे शिक्षण नसलेली त्याची आई चिन्हांना त्यांच्या आकारावरून नावे देऊन त्याला ग्रंथ वाचून दाखवी.

खरी अडचण आकलनाची नसून लेखनाची आहे. छापील गणित द्विमितीय असते : अंश वर, छेद खाली, घातांक उजवीकडे किंचित उंच. ब्रेल लिपीत मात्र सहा टिंबांची घरे एका ओळीत क्रमाने येतात. त्यामुळे नजरेला जागेवरून कळणारी प्रत्येक गोष्ट ब्रेलमध्ये खुणेने सांगावी लागते. स्वतः अंध असलेले अमेरिकन गणितज्ञ एब्राहम नेमेथ (१९१८–२०१३) यांनी तयार केलेली व १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेली संकेतपद्धती या तत्त्वावर आधारलेली आहे. तीत अपूर्णांक कोठे सुरू होतो व कोठे संपतो, यासाठी स्वतंत्र खुणा आहेत. भारतातही गणितासाठी या पद्धतीचा वापर झाला आहे.

आकडेमोडीसाठी आपल्याकडील अंधशाळांत टेलर पाटी दीर्घकाळ प्रचारात आहे. या धातूच्या पाटीला अष्टकोनी भोके असून त्यांत चौकोनी खिळे आठ दिशांनी बसविता येतात. खिळ्याच्या दोन टोकांवरील उठाव वेगवेगळे असल्याने एकूण सोळा चिन्हे मिळतात. उभी मांडणी हातांना जाणवते, हा तिचा मोठा गुण. परंतु काम संथ चालते आणि पाटी कलंडली की सारे उदाहरण सांडते. टिम क्रॅनमर यांनी १९६२ मध्ये सिद्ध केलेल्या मणिचौकटीत मण्यांखाली मऊ अस्तर असल्याने मणी आपोआप घसरत नाहीत. सरावाने तिच्यावर पुष्कळ वेगाने हिशोब करता येतात.

तथापि साधनांइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व पाठाच्या आखणीला आहे. फळ्याकडे बोट दाखवून ‘हे इकडे नेले, की हे येते’ असे म्हणणाऱ्या शिक्षकाचा पाठ दृष्टिहीन विद्यार्थ्यापर्यंत पोहोचतच नाही. नुसते मोठ्याने वाचणेही पुरेसे नसते. ‘एक छेद क्ष अधिक दोन’ या वाक्याचे दोन अर्थ होतात; क्ष = २ धरल्यास एका अर्थी उत्तर अडीच येते, तर दुसऱ्या अर्थी पाव. ‘छेदात क्ष अधिक दोन, छेद संपला’ असे म्हटल्याने संदिग्धता जाते. हाच स्पष्टपणा डोळस विद्यार्थ्यांनाही उपकारक ठरतो. मराठीत ‘एकोणसाठ’ व ‘एकोणसत्तर’ यांसारख्या संख्या कानाला सहज फसवितात. तेथे ‘पाच, नऊ’ असे अंक सुटे सांगणे हिताचे.

भूमितीत रबरी पट्टावर प्लॅस्टिकचा पातळ कागद ठेवून टोकदार लेखणीने उठावदार रेषा काढतात. बोटाला आकृती एकदम दिसत नाही, तर तुकड्यातुकड्याने जुळवावी लागते. म्हणून एका आकृतीत मोजक्याच रेषा असाव्यात. घनाचे कागदावरील तिरकस चित्र हे डोळ्यांपुरते मान्य केलेले संकेत आहेत, स्पर्शाला त्यांतून घन भासत नाही. अशा वेळी प्रत्यक्ष ठोकळाच हाती द्यावा.

संगणकावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या स्क्रीन रीडरने, विशेषतः २००६ पासून विकसित झालेल्या एनव्हीडीए या विनामूल्य प्रणालीने, वाचनाची सोय वाढली. परंतु सूत्र चित्ररूपाने छापलेले असल्यास हे यंत्र मुके राहते. सूत्राची रचना नोंदविणारी मॅथएमएल ही भाषा (१९९८) वापरली असेल, तरच ते वाचता येते. युनिकोडपूर्व टंकांत जुळविलेला मराठी मजकूरही त्याला निरर्थक अक्षरांसारखा भासतो. पुस्तक तयार होतानाच ही काळजी घेतली, तर नंतरचा खर्च व विलंब टळतो.

परीक्षेत लेखनिक व ताशी किमान वीस मिनिटे जादा वेळ देण्याची तरतूद केंद्र शासनाच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत झाली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने सर्वसमावेशक शिक्षण हे शासनमान्य शाळांचे कर्तव्य ठरविले. गणिताच्या बाबतीत मात्र लेखनिकाला चिन्हे परिचित नसतील, तर विद्यार्थ्याला उदाहरण सोडविणे व ते लिहावे कसे हे शिकविणे अशी दुहेरी कामे करावी लागतात. जादा वेळ त्यातच संपतो. लेखनिकाबरोबर परीक्षेपूर्वी सराव करण्याची संधी मिळणे म्हणून आवश्यक ठरते.