पदराची मागची बाजू

येवल्यातल्या एका पैठणी विणणाऱ्या कुटुंबाची वेबसाइट करायचं काम हाती घेतलं, तेव्हा त्यांच्याकडे फोटोंची कमतरता नव्हती. एका फोटोग्राफरने पेनड्राइव्ह भरून दिला होता. एकेक फोटो 6000 बाय 4000 पिक्सेलचा, आठ-दहा एमबीचा. वाड्याच्या चौकात उभी मॉडेल, कलत्या उन्हात चमकणारा पदर. लग्नसराईच्या कॅटलॉगला शोभतील असे. पण साडी शोधणारी बाई हे पान बहुधा मोबाइलवर बघणार, आणि तिथे या सगळ्याला तळहाताएवढी जागा.

म्हणून निवड करताना मी फोटो मोठे करत नाही. सगळे नखाएवढे करून पडद्यावर पसरते आणि जरा लांबून बघते. त्या आकारातही काय आहे ते कळलं, तर फोटो ठेवायचा. वाड्यातले बहुतेक फोटो इथेच गळले. राहिला तो मागावर बसलेल्या विणकराचा, डावीकडे तो आणि उजवीकडे अर्धा विणून झालेला पदर. आडवा, ऐसपैस.

हा फोटो लॅपटॉपवर छान बसला. फोनच्या उभ्या पडद्यावर मात्र ब्राउझरने दोन्ही कडा कापून मधला भाग ठेवला, आणि मधे होतं मागाचं लाकूड. विणकर गेला, पदरही गेला. छापील पानावर चित्र एकदा कापलं की कापलं. इथे तेच चित्र दर पडद्यावर निराळं कापलं जातं. त्यावर उपाय आहेत. चित्रातली कुठली जागा काही झालं तरी दिसायला हवी, ते सांगून ठेवता येतं, किंवा फोनसाठी वेगळाच तुकडा देता येतो. मी दुसरा मार्ग धरला. फोनवर फक्त हात, कांड्या आणि बोटांखालचा मोर. घरातल्या थोरल्यांना चेहरा हवा होता. विणकर म्हणाला, “ताई, हातच ठेवा. काम हातच करतात.”

वजन कमी करायची पाळी आली तेव्हा खरी पंचाईत झाली. 1992 पासून चालत आलेला जेपेग चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन पाडून काम करतो. शिवाय जागा वाचवायला तो उजेड-अंधाराची माहिती पूर्ण ठेवतो, पण रंगाची सहसा उभी-आडवी दोन्हीकडून निम्मी करतो. माणसाच्या डोळ्याला रंगातला बारकावा कमी कळतो, हा त्यामागचा हिशेब. चेहऱ्यांना, डोंगरांना, समुद्राला तो चालतो. मुनियाच्या, म्हणजे पोपटांच्या, काठाला चालत नाही. हिरव्या पोपटाची इवलीशी लाल चोच शेजारच्या जरीत विरघळते आणि सगळा काठ ओला झाल्यासारखा दिसतो. “हा पोपट आहे का डाग?” असं मला फोनवर विचारण्यात आलं, आणि प्रश्न रास्त होता. गूगलने 2010 साली आणलेला वेबपी हलका खरा, पण हलका करताना रंगाची काटकसर तोही करतोच. शेवटी काठाच्या जवळच्या फोटोंपुरता रंग पूर्ण ठेवणारा जेपेग वापरला आणि त्यांचं वाढलेलं वजन सोसलं. बाकीचे फोटो वेबपीत.

आणखी एक त्रास विणीचा. फोटो लहान केला की रेशमाच्या बारीक रेघा आणि पिक्सेलची जाळी यांचं जमत नाही. कापडावर नसलेल्या लाटा उमटतात. फोटो टप्प्याटप्प्याने लहान करायचा, धार सगळ्यात शेवटी द्यायची. याहून जास्त त्यात सांगण्यासारखं नाही.

पान कसं मांडायचं यावर मात्र बराच वाद झाला. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला सगळं हलतं हवं होतं. ही फॅशन फोफावली ती न्यूयॉर्क टाइम्सच्या ‘स्नो फॉल’पासून. वॉशिंग्टन राज्यातल्या हिमस्खलनावरचा जॉन ब्रँचचा तो लेख डिसेंबर 2012 मध्ये आला. स्क्रोल कराल तसं बर्फ, नकाशे, व्हिडिओ पुढे सरकत. त्यानंतर ज्याने त्याने उगाचच चित्रं सरकवायला सुरुवात केली. मला त्या मुलाला दुसरं उदाहरण दाखवायचं होतं. पत्रकार पी. साईनाथ यांनी 1993 ते 2002 या काळात दहा राज्यांत काढलेले ग्रामीण बायांच्या कामाचे फोटो. आधी त्यांचं फिरतं प्रदर्शन होतं, आता ते ग्रामीण भारतावरच्या ‘पारी’ या संकेतस्थळावर आहे. तिथे जोर आहे तो क्रमावर आणि फोटोखालच्या मजकुरावर. ही बाई काय करते आहे, हे वाचून तुम्ही फोटोकडे परत जाता. मुलाने बघितलं, मान हलवली, आणि हलतं काहीतरी हवंच, असं म्हणाला.

त्याच्या हट्टातून एक चांगली गोष्ट निघाली, हे मान्य करायला हवं. पैठणीत धूपछांव असते. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, त्यामुळे उजेडाची दिशा बदलली की रंग फिरतो. एका फोटोत हे येणं शक्यच नाही. आम्ही कॅमेरा तिपाईवर पक्का केला, साडीला हात लावला नाही, फक्त दिवा डावीकडून उजवीकडे नेत फोटो काढले आणि एकावर एक रचले. आता फोटोवर बोट फिरवलं की जांभळ्यातून हिरवा वर येतो. इथे हलण्याला कारण आहे.

पानावरची सगळ्यात कामाची जोडी मात्र अगदी साधी आहे. पदराची पुढची बाजू आणि तीच मागून, शेजारी शेजारी, एकाच उजेडात. हातमागावरच्या पैठणीची नक्षी धागे एकमेकांत अडकवून विणतात, म्हणून ती दोन्हीकडून सारखी दिसते; यंत्रमागाच्या नकलेला मागे सुटे धागे लोंबतात. फोटोग्राफरच्या पेनड्राइव्हमध्ये मागच्या बाजूचा एकही फोटो नव्हता. तो मी खिडकीशी साडी धरून फोननेच काढला. दृष्टिहीनांसाठी पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर चित्राच्या जागी जो मजकूर म्हणतं, तो ‘फोटो 7’ असा न ठेवता ‘पदराची मागची बाजू, एकही सुटा धागा नाही’ असा लिहिला.

मॉडेलचा एक फोटो थोरल्यांच्या आग्रहाने राहिला आहे, तळाला, पत्त्याच्या वर. त्यातला वाडा येवल्यातला नाही, हे कुणाच्या लक्षात येतं का ते बघायचं.