पेटी टिकली, पण आतले टिकले काय?

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाच्या निमित्ताने सिल्लोडला जाणे झाले. छत्रपती संभाजीनगरहून जळगावच्या रस्त्याला लागले की साधारण पासष्ट किलोमीटरांवर हे तालुक्याचे गाव येते. मका, कापूस आणि हिरव्या मिरचीची ही बाजारपेठ. अजिंठ्याची लेणी पाहावयास जाणाऱ्यांचा चहाचा थांबाही इथेच. माझ्या भाच्याचा येथे फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईत त्याला जेवायलाही सवड नसते.

एका दुपारी मी त्याच्या दुकानात बसलो असता एक तरुणी आत आली. "दादा, आमच्या लग्नाची शूटिंग पुन्हा मिळेल का? आमच्याकडचा पेनड्राइव्ह उघडतच नाही."

लग्नाला पाच वर्षे झाली होती. मुलीचे वडील गेल्या दिवाळीनंतर वारले. पाठवणीच्या वेळी ते चार शब्द बोलले होते. त्यांचा आवाज असा त्या फितीतच तेवढा होता. भाच्याने कपाट उघडले, एक जुनी हार्ड डिस्क काढली आणि तशीच परत ठेवली. दोन वर्षांपूर्वी ती टेबलावरून फरशीवर पडली होती. तेव्हापासून लावली की नुसती टकटक आवाज करी. दुसरी प्रत नव्हती. मुलगी क्षणभर उभी राहिली, "बरं, राहू द्या," म्हणाली आणि गेली. भाच्याला त्या रात्री जेवण गेले नाही.

आठवड्याच्या आतच त्याने नवी पेटी मागवली. खिशात मावेल एवढी, रबरी अंगरखा घातलेली. तिला 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' म्हणतात. वेष्टनावर तिची तारीफ लिहिली होती: दोन मीटरांवरून पडली तरी बिघडणार नाही, धूळ आणि पाणी सोसेल, सेकंदाला हजार मेगाबाइट वेगाने काम करील.

भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलंत. हे खरं की खोटं, तुम्हीच सांगा."

मग आम्ही दोघांनी तीन दिवस त्या पेटीची परीक्षा घेतली. वाचकांच्या घरीही आता अशी एखादी पेटी असेल, म्हणून ती हकिगत सांगतो.

प्रथम या पेटीत काय असते ते पाहू. जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकती मिनिटाला ५४०० वेळा गरगर फिरते आणि तिच्यावरून वाचणारी लहानशी सुई अधांतरी सरकते. त्या दोहोंतले अंतर केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाइतकेही नसते. धक्का बसला की सुई चकतीवर आदळते आणि सगळे संपते. नव्या पेटीत फिरणारे असे काहीच नाही. तोशिबा कंपनीतील जपानी शास्त्रज्ञ फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधून काढलेली 'फ्लॅश' स्मृती तिच्यात असते. सिलिकॉनच्या चिपेवर अब्जावधी सूक्ष्म कप्पे असून त्यांत विद्युत्कण कोंडून ठेवलेले असतात. कप्प्यात ते किती आहेत यावरून अक्षर ओळखायचे. वीज बंद केली तरी ते कण आतच राहतात.

पहिली परीक्षा प्रामाणिकपणाची. बाजारात नकली पेट्या पुष्कळ. वर एक टेराबाइट लिहिलेले असते आणि आत त्याचा दहावा हिस्साही नसतो. तरी संगणक फसतो, कारण पेटीच त्याला खोटे सांगते. भरता भरता जागा संपली की नवी चित्रे जुन्यांवर लिहिली जातात आणि मालकाला पत्ताही लागत नाही. यावर उपाय एकच: पेटी काठोकाठ भरायची आणि सगळे परत वाचून ताडून पाहायचे. 'एचटूटेस्टडब्ल्यू' आणि 'एफ-थ्री' नावाच्या फुकट मिळणाऱ्या आज्ञावल्या हेच करतात. आमची पेटी रात्रभर भरली आणि वाचली. ती खरी निघाली. नवी पेटी घरी आली की कामाला लावण्यापूर्वी एवढे अवश्य करावे.

दुसरी परीक्षा वेगाची. एका मोठ्या लग्नाचे चित्रण दोनशे गीगाबाइट भरते. सेकंदाला हजार मेगाबाइट या हिशेबाने ते तीन मिनिटे वीस सेकंदांत उतरायला हवे. आम्ही घड्याळ लावून बसलो. चहा आला, गार झाला, दुसरा आला, तरी काम संपेना. दोष पेटीचा नव्हता. भाच्याने जुनी केबल जुन्या संगणकाच्या जुन्याच खाचेत लावली होती. तिथून सेकंदाला जेमतेम चाळीस मेगाबाइट जातात, म्हणजे तेच काम सव्वा तासाहून अधिक खाते. पेटीसोबत आलेली केबल दुसऱ्या संगणकाच्या वेगवान खाचेत लावताच पेटी धावू लागली.

पण तो वेगही शेवटपर्यंत टिकला नाही. निम्म्याहून अधिक काम झाल्यावर तो एकदम खाली आला. भाचा घाबरला. मी त्याला मोंढ्याचे उदाहरण दिले. मक्याची पोती गाडीतून ओट्यावर भराभर उतरतात. ती गोदामात नीट रचायला मात्र वेळ लागतो. ओटा भरला की पुढची गाडी खोळंबते. पेटीचेही तसेच. स्वस्ताईसाठी एकेका कप्प्यात तीन किंवा चार खुणा दाटीने बसवतात. त्यासाठी विजेच्या आठ किंवा सोळा पायऱ्या अचूक साधाव्या लागतात आणि ते काम सावकाश होते. म्हणून पेटी आलेला माल आधी एका भागात सैलसर उतरवून घेते आणि मग सवडीने रचते. वेष्टनावरचा आकडा असतो तो ओट्याचा, गोदामाचा नव्हे. तेव्हा परीक्षा घ्यायची तर चार फोटो चढवून घेऊ नये. रोजचे खरे ओझे लादून घ्यावी.

तिसरी परीक्षा मे महिन्याने आपोआप घेतली. बाहेर पारा चाळिशीच्या वर. दुपारी पत्र्याखाली काम करताना पेटी हाताला चांगलीच कढत लागली आणि मंदावली. ही तिची शहाणी सवय समजावी. भाजून निघण्यापेक्षा ती स्वतःच पावले आवरते. पंख्याखाली ठेवताच पुन्हा पूर्ववत झाली. मात्र उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत अशी पेटी विसरू नये.

चौथी परीक्षा पडण्याची. त्यापूर्वी आम्ही आतल्या प्रत्येक चित्रणाचा 'ठसा' काढून ठेवला. संगणक एका गणिती रीतीने सबंध चित्रणाची चौसष्ट अक्षरांची खूण तयार करतो. आत एक टिंब बदलले तरी ती खूण पार बदलते. मग भाच्याने पेटी छातीच्या उंचीवरून शहाबादी फरशीवर टाकली, एकदा नव्हे, पाचदा. माझ्या बहिणीने स्वयंपाकघरातून विचारले, "काय फोडता रे?" काहीच फुटले नव्हते. ठसे जुळवून पाहिले, सगळे तंतोतंत.

पाण्याची परीक्षा मी करू दिली नाही. वेष्टनावर 'आयपी ६५' असे लिहिले होते. त्यातला सहाचा आकडा धुळीचा. धूळ मुळीच आत जाणार नाही, असा त्याचा अर्थ. पाचाचा अर्थ पाण्याची धार सोसेल एवढाच. एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडून राहण्यासाठी सात लागतो. शिवाय कंपनी फार तर पेटी बदलून देते. आतले लग्न देत नाही.

पाचव्या परीक्षेत मात्र पेटी नापास झाली. एक बिनमहत्त्वाचे चित्रण उतरत असता भाच्याने मध्येच केबल उपटली. पेटीला ओरखडा नाही, पण ते चित्रण पुन्हा उघडले नाही. दगडावर आपटून जे झाले नाही, ते दोन बोटांच्या घाईने झाले. "सुरक्षितपणे काढा" ही संगणकावरची सूचना शोभेची नाही.

राहिली काळाची परीक्षा, आणि ती तीन दिवसांत होत नाही. कोंडलेले विद्युत्कण हळूहळू झिरपतात, उष्णतेने अधिकच. या धंद्यातील मानक असे की, लिहून लिहून वापराची मर्यादा गाठलेल्या घरगुती पेटीने तीस अंश तापमानात, वीज न मिळता, एक वर्ष माल सांभाळावा. नवी पेटी याहून पुष्कळ अधिक टिकते. तरी ट्रंकेत घालून दहा वर्षे विसरून जाण्याची ती वस्तू नव्हे.

चौथ्या दिवशी भाचा मला अजिंठ्याला घेऊन गेला. अजिंठा गाव सिल्लोड तालुक्यातच आहे. लेणी तेथून घाट उतरून पुढे. १८४४ साली कंपनी सरकारने मद्रास फौजेतील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याला लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमले. अजिंठा गावी मुक्काम ठोकून त्याने वर्षानुवर्षे हे काम केले आणि मोठमोठी तैलचित्रे लंडनला धाडली. ती क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. ३० डिसेंबर १८६६ रोजी तेथे आग लागली आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी सोडून सारी जळाली. पुढे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह सुमारे तीनशे नकला केल्या. त्याही लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्या शंभराहून अधिक नष्ट झाल्या. एकदा ठेच लागूनही दुसऱ्यांदा तेच.

मग वाचले काय? गिलने काढलेली लेण्यांची छायाचित्रे १८६४ साली पुस्तकरूपाने निघाली होती. ग्रिफिथ्सचे दोन खंड १८९६-९७ मध्ये छापले गेले. ती पुस्तके अनेक घरांत, अनेक ग्रंथालयांत पोचली होती. सगळी एका आगीत सापडणे शक्य नव्हते. लंडनची इमारत पत्र्याची होती की दगडाची हा प्रश्न गौण. प्रत एकाच जागी होती, हे खरे कारण.

परतताना भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मामा, पेटी पास झाली, नापास मी झालो."

छायाचित्रकारांत एक नियम रूढ आहे: प्रती तीन, त्या दोन प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या जागी. भाच्याने तो आता धरला आहे. एक प्रत या पेटीत, दुसरी दुकानातल्या मोठ्या डिस्कवर, तिसरी माझ्या घरी. शिवाय लग्नातले निवडक फोटो तो कागदावर छापून देतो. त्यांना ना केबल लागते ना वीज.

त्या मुलीचे काय झाले, असे वाचक विचारतील. भाच्याने वऱ्हाडातल्या पाहुण्यांना फोन करण्याचा सपाटा लावला. शेवटी नवऱ्यामुलाच्या एका काकांच्या मोबाइलमध्ये अर्ध्या मिनिटाचे हलणारे चित्र सापडले. वडिलांचे तोंड अर्धेच दिसते, शेवटचे वाक्य बँडच्या आवाजात तुटते. पण "सुखी राहा" एवढे स्पष्ट ऐकू येते. ती प्रत कोणी जपून ठेवली नव्हती. दुसऱ्या घरात होती, म्हणून राहिली.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आपण हिशेबाच्या वह्या पुढे मांडतो. भाच्याने यंदा त्यांच्या शेजारी ही पेटीही ठेवायचे ठरवले आहे. हळदकुंकू वाहण्याआधी ती संगणकाला लावायची, चार चित्रणे उघडून पाहायची आणि ठसे जुळवायचे. आपल्या घरच्या पेटीलाही, वाचकहो, या दिवाळीत एकदा उघडून विचारा: आतले सगळे ठीक आहे ना? आणि विचारून झाले की एक प्रत काढून भाऊबीजेला बहिणीच्या घरी नेऊन ठेवा.